मालकाचा संघ आणि पेठेचा संघ

फुटबॉल हा खेळ आमच्या वाचकवर्गाच्या घरांत फारसा शिरलेला नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. आपल्याकडे मुलगा चेंडूकडे वळलाच, तर तो क्रिकेटच्या चेंडूकडे वळतो. आणि आईबापही, त्यात निदान अंगावर चिखल कमी उडतो अशा समजुतीने, त्यास हौसेने बॅट आणून देतात. तेव्हा संस्कृत शिकविण्यात ज्याची हयात गेली अशा एका जुन्या मॅट्रिक शिक्षकाने पायाने खेळावयाच्या चेंडूवर चार पाने खरडावी, याचे कित्येकांस नवल वाटेल. वास्तविक तसे वाटण्याचे कारण नाही. दण्डीच्या दशकुमारचरितात कन्दुकावती नावाची राजकन्या उत्सवात लोकांसमक्ष कन्दुकक्रीडा करून दाखविते, आणि यमुनेच्या डोहात पडलेल्या चेंडूची कथा तर आपल्या घरांतील शेंडेफळासही पाठ असते. चेंडू आपणांस परका नाही. मात्र चेंडू कोणाचा, हा प्रश्न आपण सहसा करीत नाही. आणि आजचा मजकूर त्याच प्रश्नासाठी आहे.

हा प्रश्न उपस्थित केला तो आमच्या नातवाने. वय वर्षे बारा, राहणे डोंबिवलीस, सुट्टीत आमच्याकडे चिंचपोकळीस येतो. आमच्या लहानपणी आम्ही ज्या ओघाने रामशब्द चालवीत असू, त्याच ओघाने हा मुलगा इंग्लंड-स्पेनमधील फुटबॉल संघांतील खेळाडूंची नावे म्हणून दाखवितो. एके दिवशी आम्ही त्यास म्हटले, “अरे, हे सगळे परमुलखातले. यांत तुझा संघ कोणता?” त्याने एका इंग्रजी शहराचे नाव सांगितले. “त्या गावी आपले कोण राहते?” असे आम्ही विचारले, तेव्हा तो हसला, आणि त्याने उलट आम्हांसच विचारले, “मग आजोबा, आपला इथला संघ कोणता?”

मुलाचा प्रश्न बिनतोड होता. या मुंबईत संघ नव्हते असे नाही. रोव्हर्स चषकाची स्पर्धा येथे १८९१ साली सुरू झाली. आरंभी ती गोऱ्या पलटणींची मिरासदारीच होती. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती जिंकली, तेव्हा कोठे हिंदी संघाचे नाव त्या चषकावर प्रथम लागले. शहराची स्वतःची साखळी स्पर्धाही होती. हारवुड लीग या नावाने ती ओळखली जाई. कूपरेजच्या मैदानावर पोर्ट ट्रस्ट, रेल्वे, टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल अशा नावांचे संघ उतरत. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला, त्या सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा मुंबईचाच. त्या स्पर्धेत आपला देश चौथा आला होता, हे आजच्या मुलांस सांगितले तर ती पुराणकथा समजून ऐकतात.

हे संघ कसे चालत, हे सांगणे येथे अवश्य आहे. नावाने सारे हौशी. खेळासाठी म्हणून पगार कोणासही नसे. परंतु ज्याच्या पायात कसब असेल त्यास कंपनी, गिरणी किंवा रेल्वे नोकरीत घेई. सकाळी तो कारकुनी करी अथवा खात्यात काम करी. दुपारी सरावास सूट मिळे. सामन्याच्या दिवशी कंपनीच्या रंगाचा सदरा अंगात घालून तो मैदानावर उतरे. या व्यवस्थेस नावे ठेवावयाची आमची इच्छा नाही. तीमुळे कित्येक गरीब घरांत चूल पेटली, मुले शिकली, म्हातारपणी पेन्शन आली. खेळाडूस पोटाची चिंता नसली म्हणजे पाय मोकळा चालतो, हे उघड आहे.

परंतु या व्यवस्थेत एक मर्म होते. चेंडू मालकाचा होता. सदरा मालकाचा, मैदानाचे भाडे मालकाचे, आणि संघ ठेवावा की मोडावा हा अधिकारही मालकाचाच. प्रेक्षक टाळ्या वाजवी. पण टाळी वाजविणाऱ्याचा त्या संघावर कवडीचाही हक्क नव्हता.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. आम्ही त्या वेळी गिरणगावातील एका शाळेत नुकतेच नोकरीस लागलो होतो. संप लांबत गेला तशी आमच्या वर्गातील बाके रिकामी होऊ लागली. आज एक, उद्या दोन, असे करीत मुले आईबापांबरोबर गावी निघून गेली. कोणी सातारकडे, कोणी रत्नागिरीकडे, कोणी कोल्हापूरकडे. शाळेच्या पटावर आम्ही त्यांच्या नावांपुढे “गावी गेला” असे लिहीत असू. तो संप रीतसर मागे घेतला गेला असे कधी झालेच नाही. गिरण्याच एकेक करून थंडावल्या. जेथे भोंग्यावर घड्याळे लावली जात, तेथे आता काचेचे मनोरे उभे आहेत. गिरण्यांबरोबर त्यांचे खेळ, त्यांची नाटके, त्यांचे बँड हेही गेले. ज्या झाडाच्या त्या फांद्या, ते झाडच पडले.

कोणी म्हणेल, तो दोष संपाचा व काळाचा. संघाच्या मालकीचा त्यात काय संबंध? त्यास दुसरे उदाहरण देतो. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा संघ १९६२ पासून चालत आलेला. २००५-०६ च्या हंगामात त्याने भारताची राष्ट्रीय लीग जिंकली. कारखाना बंद पडला नव्हता. कंपनीची भरभराटच होती. तरीही २०१० साली संघ विसर्जित करण्याचे कंपनीने ठरविले, आणि तो विसर्जित झाला. निर्णय घेणारांस तो अधिकार होता, आणि त्यांची कारणेही असतील. आमचे म्हणणे एवढेच की, जो दाता एकटा असतो त्याचा हात आखडला म्हणजे घेणाऱ्याचे सर्वस्व जाते.

आता याच चिंचपोकळीतील दुसरी एक संस्था पाहा. येथील सार्वजनिक उत्सव मंडळ १९२० साली स्थापन झाले. ज्यांच्या वर्गणीवर ते वाढले, ते बहुतेक गिरणीत राबणारे. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, वर्गणीदारांची मुले विरार-बदलापुरास राहावयास गेली. मंडळ मात्र शंभरी ओलांडून चालू आहे, आणि गणपतीच्या दिवसांत ती मुले लोकलने परत येतात. एकाच मातीत, एकाच माणसांच्या घामावर उभ्या राहिलेल्या दोन गोष्टी. एक मालकाबरोबर गेली, दुसरी माणसांबरोबर राहिली. हा भेद कशाचा, याचा विचार आम्ही पुष्कळ केला. आणि त्याचे उत्तर आम्हांस फुटबॉलच्याच मैदानावर, पण कोल्हापुरास मिळाले.

१९८२ च्या पटावर “गावी गेला” असा शेरा मिळालेल्या मुलांपैकी एकाने पुढे कोल्हापुरात बस्तान बसविले. तरुणपणी तो तेथील एका तालमीकडून फुटबॉल खेळला. आता पंचावन्नाच्या घरात आहे. सुट्या भागांचे लहानसे दुकान चालवितो. गुरुपौर्णिमेस त्याचा न चुकता दूरध्वनी येतो. नातवाचा प्रश्न आम्ही त्यास सांगितला, तेव्हा तो म्हणाला, “सर, याचं उत्तर फोनवर नाही देता यायचं. हंगाम चालू आहे. इकडं या.” आम्ही दादरहून महालक्ष्मी एक्सप्रेस धरली.

वाचकांपैकी पुष्कळांस कोल्हापूर हे अंबाबाईचे, कुस्तीचे आणि गुळाचे म्हणून परिचित असेल. तेथे फुटबॉलची साखळी स्पर्धा भरते, आणि तिच्या पायी सबंध शहर दोन-चार महिने दुसरे काही बोलत नाही, हे मात्र फार थोड्यांस माहीत असेल. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था संस्थानी अमलात, १९४० साली स्थापन झाली. तीच ही स्पर्धा चालविते. वरिष्ठ गटात सोळा संघ. त्यांची नावे ऐकावी: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ. यांत कोठे कंपनी नाही, गिरणी नाही. पाटाकडील म्हणजे पाण्याच्या पाटाच्या कडेची. नावातच पत्ता आहे.

तालीम म्हटली म्हणजे तांबड्या मातीचा हौद, मारुतीची मूर्ती आणि जोर-बैठका हे चित्र डोळ्यांपुढे येते. आणि मूळ प्रकार तोच. शाहू महाराजांच्या काळी कुस्तीस राजाश्रय मिळाला. खासबागेचे कुस्त्यांचे मैदान १९१२ सालचे. पेठोपेठी तालमी होत्याच. पुढे त्याच तालमींच्या पोरांनी फुटबॉल उचलला. तालीम म्हणजे पेठेचे दुसरे घरच म्हणा ना. गणपती तेथे बसतो, भांडण तेथे मिटते, मयतास तेथून चार खांदे मिळतात; २०१९ च्या महापुरात अन्नाची पुडकी घेऊन घरोघर जाणारी मुलेही शहरातील अशाच तालमी-मंडळांची होती. अशा संस्थेस फुटबॉलचा संघ म्हणजे आणखी एक उत्सव.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. राजाश्रय हा जर त्या खेळाचा एकमेव आधार असता, तर मुंबईच्या गिरणी-संघांची गत त्याची तेव्हाच झाली असती. तसे झाले नाही, कारण तोपर्यंत चेंडू राजवाड्यातून पेठेत आला होता. छत्रपतींच्या घराण्याचा त्या संस्थेशी स्नेह आजही आहे. परंतु संघाचा सदरा धुण्यास पडतो तो पेठेतील घरी.

सामने शाहू स्टेडियमवर होतात. पूर्वी त्या जागी रावणेश्वराचे तळे होते. ते बुजवून हे मैदान झाले. आम्ही दुपारी तेथे पोहोचलो तो पायऱ्या भरलेल्या. आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ डोक्यावर टोपी, हातात रिकामी पिशवी घेऊन बसले होते. मंडईस म्हणून घरातून निघाले होते, असे त्यांनी आम्हांस गुपित सांगितले. चेंडू ज्याच्या पायाशी जाई त्याच्या बापाचे, क्वचित आजाचेही नाव घेऊन ते त्यास सूचना करीत. मैदानावरील पोरगा कोणाच्या घरचा, कोणत्या शाळेतून नापास झाला, त्याच्या बहिणीचे लग्न कोठे ठरले, हे सारे त्यांस माहीत. आमच्या नातवास त्याच्या आवडत्या इंग्रजी संघाची इतकी माहिती आहे. पण त्या संघातील एकाही खेळाडूस हा मुलगा जगात आहे हे माहीत नाही. येथे ओळख दोन्ही बाजूंनी होती.

तथापि तेथे सर्व आलबेल आहे असे लिहिले, तर ती वाचकांची फसवणूक होईल. पेठेचा अभिमान कधी कधी मर्यादा सोडतो. समर्थकांत हाणामाऱ्या होतात, शिव्यांची लाखोली वाहिली जाते, पोलीस बोलवावे लागतात. याहून खोल असा दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो आम्हांस आमच्या विद्यार्थ्याच्याच घरी दिसला.

त्याचा मुलगा त्याच तालमीच्या संघात आघाडीस खेळतो. लहानपणापासून तालमीच्या अंगणात वाढलेला. त्या दिवशी मात्र तो सबंध सामना राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून होता. त्याच्या जागी खेळत होता आफ्रिकेतून आणलेला एक उंचापुरा तरुण. अलीकडे तेथील अनेक संघ चुरशीच्या पायी परदेशी खेळाडू मानधन देऊन आणू लागले आहेत, आणि असे किती घ्यावे यावर संघटनेस मर्यादा घालण्याची वेळ आली आहे. त्या तरुणाने एकच गोल केला. पण तो पुरला. संघ जिंकला. पेठेत गुलाल उधळला गेला.

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही विद्यार्थ्यास विचारले, “त्या खेळाडूच्या मानधनाची वर्गणी तूही दिलीस काय?”

“दिली की सर. पाच हजार.”

“आणि त्याच पैशाने तुझा मुलगा बाकावर बसला.”

तो काही वेळ पानाला चुना लावीत राहिला. मग म्हणाला, “वाईट वाटलंच की ओ. त्याची आई तर जेवली न्हाई सकाळधरनं. पण हरलो असतो तर पेठेत तोंड दाखवायला जागा नव्हती.” मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता. त्यास आम्ही विचारले, “बाळ, तुझे काय मत?” तो म्हणाला, “गुरुजी, त्याच्याकडनं मी डाव्या पायानं मारायला शिकलो. खोटं कशाला बोलू? पण पुढच्या वर्षी तो दुसऱ्या तालमीत जाणार. मी कुठं जाणार?”

त्या मुलाच्या शेवटच्या तीन शब्दांनी आम्हांस रात्रभर झोप लागू दिली नाही.

परका खेळाडू नको, असे म्हणणे सोपे आहे. पण आम्ही चिंचपोकळीचे, आम्हांस ते शोभणार नाही. गिरणगावात मूळचा होता तरी कोण? कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून माणसे आली, खानावळीत एका पंगतीस बसली, आणि त्यांतूनच चिंचपोकळी झाली. ऑस्ट्रेलियातही दुसऱ्या महायुद्धानंतर असेच घडले. ग्रीस, इटली, क्रोएशिया येथून पोट भरण्यास गेलेल्या माणसांनी त्या देशात फुटबॉलचे संघ उभे केले; सिडनीच्या इटालियनांचा मार्कोनी हा संघ १९५८ चा, साउथ मेलबर्न हा ग्रीकांचा संघ १९५९ चा. १९७७ साली तेथे राष्ट्रीय लीग निघाली, तिच्यात हे संघ चमकले. ती लीग २००४ साली बंद झाली, आणि पुढल्या वर्षी जी नवी धंदेवाईक लीग निघाली तिच्यात त्यांस स्थान मिळाले नाही. ते मोडले काय? मुळीच नाही. आपापल्या राज्याच्या स्पर्धांत ते आजही खेळतात, कारण त्यांची मुळे सभासदांच्या घरांत होती. त्या देशात गावोगावच्या लहान हौशी लीग अशाच चालतात: बाप मैदानाच्या रेषा आखतो, आई उपाहाराचे टेबल सांभाळते, आणि मुलगा खेळतो. तेथील ते परकेही राहिले म्हणूनच आपले झाले.

तेव्हा आम्हांस दिसते ते असे. माणूस दुरून आला यात दोष नाही. तो एका हंगामापुरता विकत आणला यात आहे. आलेला खेळाडू पेठेत राहिला, त्याने तालमीतील दहा पोरांस डावा पाय शिकविला, तर तो पेठेचा झाला. त्याचा वर्ण, देव, भाषा काहीही असो. उलट, गोल करण्यापुरता आणला व चषक मिळताच सोडला, तर वर्गणी पेठेची असूनही तो व्यवहार मालकाचाच झाला. फक्त एका मालकाच्या जागी पाचशे लहान मालक उभे राहिले. आणि मालकीची जी गत आम्ही मुंबईत पाहिली, ती तेथेही व्हावयास वेळ लागणार नाही. मोठे दाते पुढे येतील, चषकांच्या रकमा वाढतील, अंगणातील पोरगा बाकावरून पायऱ्यांवर जाईल, आणि पायऱ्यांवरून घरी. मग पुढे एखाद्या बारा वर्षांच्या मुलाने “आपला संघ कोणता?” असे विचारल्यास कोल्हापूरच्या आजोबासही इंग्लंडकडे बोट दाखवावे लागेल.

सकाळी निघण्यापूर्वी हे सर्व आम्ही विद्यार्थ्याजवळ बोललो. तो म्हणाला, “सर, तालमीच्या बैठकीत हे बोलायला मला तोंड नाही. लोक म्हणतील, पोराच्या जागेसाठी बोलतोय.” त्याचे म्हणणे खरे होते. ज्याचे नुकसान होते त्यास बोलण्याची चोरी असते. म्हणून ज्याचे काही जात नाही अशा माणसाने बोलावे लागते. त्याच्या सांगण्यावरून आम्ही तालमीच्या अध्यक्षांस एक पत्र लिहून दिले. त्यात दोनच सूचना केल्या: बाहेरचा खेळाडू आणावयाचा तर निदान तीन वर्षांचा करार करावा व रोज सकाळी मुलांस शिकविण्याची अट घालावी, आणि प्रत्येक सामन्यात पेठेत वाढलेल्या दोन मुलांस तरी मध्यांतरानंतर मैदानात उतरवावे, मग निकाल काहीही लागो. पत्रासोबत आमची एकशे एक रुपये वर्गणी ठेवली, कारण वर्गणी न देता सल्ला देणे हा आगाऊपणा होय. पत्र बैठकीत वाचले गेले, त्यावर बरीच वादावादी झाली, आणि निर्णय पुढील हंगामावर ढकलला गेला, असे नंतर कळले. एवढी वादावादी झाली हेच आम्ही शुभ चिन्ह समजतो. मालकाच्या संघात पत्र लिहावयाचे तरी कोणास?

आमच्या वाचकभगिनींस व बंधूंस आमची विनंती इतकीच आहे. आपल्या मुलांना दूरचित्रवाणीवर परदेशचे सामने पाहू द्यावे. त्यांत उत्तम कौशल्य असते, आणि उत्तम ते पाहण्यात कमीपणा नाही. परंतु आपल्या वस्तीतील मैदानावर, मग ते कितीही ओबडधोबड असो, जी मुले संध्याकाळी धावत असतात, त्यांची नावे आपणांस ठाऊक असावी. आणि ती मुले कधी चेंडूसाठी वर्गणी मागावयास दारी आली, तर “अभ्यास करा” असे सांगून त्यांस वाटेस लावू नये. थोडे का होईना द्यावे, आणि पावती मात्र आठवणीने मागून घ्यावी.